ॲडलेडला न पोचलेली फी

१

नत्थू रामटेके यांनी लेकीच्या फीचे पैसे ऑस्ट्रेलियाला धाडले आणि ते वाटेत कुठंतरी नाहीसे झाले.

रायपूरच्या शाखेतून पैसे गेल्याची पावती त्यांच्या खिशात होती. ॲडलेडच्या विद्यापीठाच्या खात्यात मात्र दमडीही जमा झाली नव्हती, तसं विद्यापीठाचं स्मरणपत्र आलं होतं. फी भरायची मुदत गुरुवारी संपणार होती. तोवर पैसे किंवा निदान पैशांचा पत्ता लागला नाही, तर पायलची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. मंगळवारी शाखा उघडताच नत्थूभाऊ आत शिरले, काउंटरवरच्या मीनलला भरल्या बँकेत चोट्टी म्हणाले, आणि मग तिथल्याच बाकावर बसून रडले. वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपात जन्मभर घण चालवलेला माणूस रडायला लागला, की बघणाऱ्यांनी कुठं बघावं ते कळत नाही. मॅनेजरनं घाईघाईनं नवा रायपूरच्या क्षेत्रीय कार्यालयाला फोन लावला, आणि तिथून विनोदिनी बोरगावकरांना पाठवण्यात आलं.

विनोदिनीबाई बँकेच्या दक्षता विभागात होत्या. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. नवा रायपूर या नव्या राजधानीच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर रोज बसची वाट पाहून बाई चिडक्या झाल्या, असं सहकारी म्हणत. रस्त्यांवर हा उगाच आळ होता, कारण चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घराचे शेजारी त्यांना आधीपासून ओळखून होते. पण बाईंच्या हाती एखादं प्रकरण गेलं की त्याचा निकाल लागल्याशिवाय राहत नसे, हेही सगळे मान्य करत.

मीनल नोकरीत नवी होती, अजून कायमसुद्धा झाली नव्हती. रडून तिचं नाक लाल झालं होतं. बाईंनी आधी तिला पाणी प्यायला लावलं आणि मग सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

सांगण्यासारखं फार नव्हतं. परदेशी पैसे पाठवायचे तर नुसतं बँकेचं नाव लिहून भागत नाही. प्रत्येक बँकेला एक कोड असतो, त्याला स्विफ्ट कोड म्हणतात. पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन गावाची, आणि अमुकच शाखा सांगायची असेल तर आणखी तीन. पोस्टमनला जसा पत्ता लागतो, तसा बँकांना हा कोड. नत्थूभाऊंनी छापील फॉर्म आणून दिला. मीनलनं त्यातला कोड मशीनमध्ये घातला, मशीननं बँकेचं नाव दाखवलं, तेच नाव फॉर्मवरही होतं. मग तिनं पैसे सोडले. विद्यापीठाच्या फीच्या पत्राचं पहिलं पानच तेवढं सोबत जोडलेलं होतं. बँकेचा तपशील असलेलं दुसरं पान नव्हतं. ते मागायला हवं होतं, पण रांग मोठी होती.

"माझी चूक तेवढी आहे, मॅडम," मीनल म्हणाली. "पण कोड मी बदलला नाही."

बाईंनी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून खरा तपशील काढला आणि फॉर्मशेजारी ठेवला. दोन्हीकडे देश ऑस्ट्रेलिया, दोन्हीकडे गाव ॲडलेड. खातेक्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत विद्यापीठाचाच. बँक मात्र दुसरीच होती. त्या दुसऱ्या बँकेचा कोडही अगदी अस्सल होता, एका अक्षराची खोट नाही.

बाईंच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी आजवर पुष्कळ लबाड्या पाहिल्या होत्या, पण चोरानं बँक बदलावी आणि खातं ज्याचं त्याचंच राहू द्यावं, हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

२

रामटेक्यांचं घर रेल्वेच्या क्वार्टरात होतं. दोन खोल्या, आणि समोरच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. त्याखाली एक नवाकोरा फोटो होता. पायलच्या खांद्यावर शाल, हातात पुष्पगुच्छ, बाजूला नत्थूभाऊ आणि त्यांची बायको शेवंता, मागं विहाराच्या अंगणात सगळा पारा, म्हणजे अख्खी वस्ती. फोटोत सगळे हसत होते आणि पायल समोर बघत होती.

बाईंनी विचारलं, हा सत्कार कधीचा? पैसे पाठवायच्या आदल्या संध्याकाळचा, नत्थूभाऊ म्हणाले. बाईंना जरा नवल वाटलं. फी भरायच्या आधीच सत्कार?

"पारा सगळा वाट पाहून राहिला होता, मॅडम," नत्थूभाऊ म्हणाले. "बाबासाहेब समुद्र ओलांडून शिकायले गेले. आमच्या पाऱ्यातून त्याच्यानंतर कोणी गेलं नोहतं. माही पोट्टी पहिली."

बाईंना आपण उगाच विचारलं असं झालं. त्या संध्याकाळी भरलेला फॉर्म नत्थूभाऊंनी विहारात बुद्धापुढं ठेवला होता. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणं झाली, मग फॉर्म घरी आला आणि सकाळी बँकेत गेला. म्हणजे साऱ्या पाऱ्याचा हात त्या कागदाला लागू शकत होता. बाईंनी मनातल्या मनात एक उसासा टाकला.

पायल चहा घेऊन आली. बारीक चणीची, शांत मुलगी. विद्यापीठाला कळवलंस का, असं बाईंनी विचारलं.

"मेल टाकला होता. मुदत नाही वाढवत म्हणे," ती म्हणाली.

शेवंताबाईंनी तेवढ्यावर पदर डोळ्यांना लावला. पायल त्यांच्याजवळ बसली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको आई, पैसे येतीन परत." पोरगी धीराची आहे, असं बाईंच्या मनात आलं. आईची समजूत घालायला मुली असं म्हणतातच.

फॉर्म कुणी भरला? पियुषनं, परदेशी शिक्षणाचं ऑफिस चालवणाऱ्या मुलानं. छापून कुणी आणला? यशदीपनं, पायलच्या मोठ्या भावानं, गोल बाजारातून. यशदीप कुठं आहे, असं विचारल्यावर मात्र नत्थूभाऊ भिंतीकडं बघू लागले. शेवटी शेवंताबाईच बोलल्या. पोरगा बी.ए. होऊन घरात बसला होता. बापाच्या फंडाच्या पैशातून त्याला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. ते पैसे पायलच्या फीला गेले, त्यावरून बापलेकांचं चांगलंच वाजलं होतं.

आणि आज सकाळी पैसे पोचले नाहीत हे कळल्यापासून यशदीप घरात नव्हता. त्याचा फोनही बंद होता.

३

पियुषच्या ऑफिसात काचाच काचा होत्या, आणि भिंतीवर बर्फात उभ्या राहून हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो. पियुष मराठी समजत होता, पण बोलत हिंदी होता. इंग्रजीची फोडणी वेगळीच. विनोदिनीबाईंना अशा मुलांचा मनापासून राग येई. त्यामुळं त्यांनी त्याच्यावर जरा जास्तच बारीक नजर ठेवली.

पण पियुषच्या वागण्यात काही सापडेना. त्यानं पायलला पाठवलेला मेल उघडून दाखवला. त्यातल्या फॉर्मवर बँकही बरोबर, कोडही बरोबर. विद्यापीठ त्याला दलाली देणार होतं ती मुलगी तिकडं वर्गात बसल्यावरच. म्हणजे पायल गेली नाही तर त्याच्या हाती धुपाटणंच राहणार होतं.

"मैडम, मैं तो हर बैच को चेताता हूँ," तो कळवळून म्हणाला. "कोड गलत हुआ तो पैसा महीना भर घूमकर वापस आता है, तब तक सीट गई. पायल भी थी, उसके भैया भी छोड़ने आए थे, सबने सुना है."

पायलचा मेल उघडायचा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक होता? पियुषला ते सांगता येईना. पण फॉर्म छापायला यशदीपनं तो मेल दुकानात उघडला असणार, हे त्यानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा आशेनं.

बाई जिना उतरत होत्या तेव्हा मीनलचा फोन आला. ॲडलेडच्या त्या दुसऱ्या बँकेला शाखेनं विचारणा केली होती, तिचं उत्तर आलं होतं. पैसे तिथंच होते, जसेच्या तसे. या क्रमांकाचं खातं आमच्याकडं नाही, म्हणून बाजूला ठेवलेत, नियमाप्रमाणं परत पाठवू, असं त्या बँकेनं कळवलं होतं. यायला काही आठवडे लागतील.

बाई जिन्यातच थांबल्या. दोन दिवसांत जागा जाणार आणि पैसे आठवड्यांनी येणार. म्हणजे हे पैसे चोरायला कुणी नेलेच नव्हते.

४

बुधवारभर त्या विचार करत होत्या. चोरी असती तर चोरानं खातं स्वतःचं घातलं असतं. टायपिंगची चूक असती तर कोड अर्धामुर्धा बिघडला असता, आणि मशीननं तो तिथंच नाकारला असता. इथं मुद्दाम शोधून दुसऱ्या बँकेचा खराखुरा कोड घातला होता. गावही तेच ठेवलं होतं, म्हणजे कुणाला शंका येऊ नये. पत्राचं दुसरं पान काढून घेतलं होतं, म्हणजे काउंटरवर कुणी ताडून पाहू नये. ज्यानं हे केलं त्याला पैसे नको होते. उलट ते एक पैसाही न बुडता घरी परत यावेत, अशी त्याची व्यवस्था होती. फक्त ते उशिरा यावेत.

उशिरानं कुणाचं भलं होत होतं? मीनलचं नाही, पियुषचं तर नाहीच. पैसे परत आले आणि बहीण घरीच राहिली, तर मोबाईलचं दुकान निघणार होतं यशदीपचं. पियुषच्या ऑफिसात तो इशारा त्यानंही ऐकला होता. फॉर्मही त्याच्याच हातून छापला गेला होता, आणि आता तो परागंदा होता. बाईंना वाटलं, झालं, सुटलं. आता पोराला गाठायचं, कबूल करायला लावायचं, आणि त्याच्या जबाबावर विद्यापीठाकडून चार दिवस मागून घ्यायचे.

त्यासाठी त्यांनी शेजारच्या भिलाई शहरापर्यंत माणसं पाठवली. यशदीप सापडला गुरुवारी दुपारी, तोही गोल बाजारातच, भांड्यांच्या ओळीमागं एका मित्राच्या टपरीवर. मोबाईलची कव्हरं लावत बसला होता. बाईंना पाहून तो पळाला नाही. जे काही होईल त्याला तो तयार होऊन बसल्यासारखा दिसला.

फॉर्म आपणच छापला, हे त्यानं लगेच कबूल केलं. मेलमध्ये जसा होता तसाच. मग पळालास कशाला, असं बाईंनी दरडावून विचारलं. घरात काही हरवलं की आधी माझेच खिसे तपासतात, तो बाजारातल्या हिंदीत म्हणाला. दुकानाचं काय? दुकान हवं होतं, अजूनही हवं आहे, पण बहिणीच्या पायात पाय घालून नको.

"तो फिर किसने किया?" बाईंनीही हिंदीत विचारलं.

यशदीपनं हातातलं कव्हर खाली ठेवलं. 

"मैडम, शॉल सबने ओढ़ाई," तो म्हणाला. "उससे पूछा किसी ने नहीं."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता त्यांना आठवलं, की एक साधी गोष्ट आपण तपासलीच नव्हती. सगळे भावाकडं बोट दाखवत होते, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही त्या त्या बोटाच्या दिशेनं निमूट चालत गेल्या होत्या. त्यांनी तिथूनच विद्यापीठाला मेल केला. बँकेच्या अधिकारानं त्यांनी एवढंच विचारलं होतं, की या विद्यार्थिनीनं मुदत मागितली होती का, आणि मागितली असती तर मिळाली असती का. पण ॲडलेडला तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती आणि कचेऱ्या बंद झाल्या होत्या.

उत्तर शुक्रवारी सकाळी आलं. विद्यार्थिनीकडून आम्हाला काहीही आलेलं नाही. बँकेची अडचण कळवली असती तर दोन आठवडे सहज दिले असते. काल मुदत संपली, आज सकाळी ही जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला दिली. क्षमस्व.

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना स्वतःचा फार राग आला. हा मेल मंगळवारीच केला असता, तर निदान निवड करायची सवड त्या मुलीला उरली असती.

५

त्यांनी पायलला एकटीला नवा रायपूरला बोलावलं. ती आली, पण सोबत नत्थूभाऊही आले. तिकडं बसचा भरवसा नाही, पोरीला एकटी कशी धाडू, असं त्यांचं म्हणणं. त्यांना गुन्हेगाराचं नावही ऐकायचं होतं. कँटीन इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होतं. बाईंनी त्यांना चहा आणायला पाठवलं, आणि ते आज्ञाधारकपणे गेले.

दार लागल्यावर बाई सरळ बोलल्या. त्यांनी पायलला सगळं क्रमानं सांगितलं. चोरानं खातं बदललं असतं. चुकणाऱ्याचा कोड मशीननं घेतला नसता. पियुषला आणि मीनलला यात तोटाच होता. यशदीपला फायदा होता, पण विद्यापीठाला मेल न करणं त्याच्या हातात नव्हतं. ज्याला ती जागा खरंच हवी असते, तो पैसे पोचले नाहीत म्हटल्यावर आधी विद्यापीठाचे हातपाय जोडतो. तू आम्हाला सांगितलंस मेल केला म्हणून, आणि केला नव्हतास.

पायलनं काही नाकारलं नाही. पियुषचा फॉर्म तिनं घरीच बदलून भावाला मेलवर दिला होता, आणि भावानं तोच छापला. पत्राचं दुसरं पानही तिनंच काढून ठेवलं होतं. पैसे परत येतात हे तिनं पियुषकडून ऐकलं होतं. तरी खात्री करायला आणखी दोन ठिकाणी विचारलं होतं, कारण बाबांचा एक पैसा गेला असता तर तिला ते सहन झालं नसतं.

"पण का?" बाईंचा आवाज त्यांच्या नकळत मऊ झाला होता. "दुसरं कुणी आहे का मनात? दुसरं काही शिकायचं होतं?"

"नाही मॅडम. मले भेव लागत होतं. एवढंच." ती खाली बघत होती. "मी कधी भिलाईले एकटी राहिली नाही. तिथं कोणी ओळखीचं नाही, आजारी पडली तर, नापास झाली तर. पण बाबा रोज त्या फोटोसमोर उभे राहून सांगत, माही पोट्टी चालली म्हणून. त्यांच्यासमोर भेव लागते कसं म्हणू? ज्यांचा फोटो आहे त्यांनी काय काय सोसलं, आणि मले नुसतं विमानात बसायचं तर..." 

बाईंना वाटलं, हिला जवळ घ्यावं. पण त्यांना तशी सवय नव्हती, आणि वेळही थोडाच होता. मीनलची नोकरी या अहवालावर अवलंबून होती, तेव्हा अहवालात खरं तेच लिहावं लागणार होतं. ते त्यांनी पायलला सांगितलं. "कागदावर मी लिहीन. पण तुझ्या बाबांना ते कागदावरून कळू नये. ते तू सांग."

नत्थूभाऊ चहा घेऊन आले. तीन कप दोन हातांत सांभाळत आणल्यामुळं बोटांवर थोडा सांडला होता. पायलनं कप त्यांच्या हातातून घेतले, टेबलावर ठेवले आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. काही गाळलं नाही. मेलचंही सांगितलं.

बाई मनातून धसकल्या होत्या. बँकेत ओरडलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता, पण ऐकलं पुष्कळ होतं. नत्थूभाऊ ओरडले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि आपल्या मोठ्या, घट्टे पडलेल्या हातांकडं बघत राहिले.

"त्या बँकेतल्या पोरीले मी चोट्टी म्हटलं," ते म्हणाले. "तिची माफी मागा लागन. यशदीपचीबी."

पायलनं मान हलवली.

"आन् तुले मी विचारलंच नाही." त्यांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "भेव मलेबी लागून राहिलं होतं, पोरी. तू तिथं एकटी कशी राहशीन, तुले तापबिप आला तर पाणी कोण देईन. दोनदा वाटलं, रद्द करून टाकाव. म्हणून तर सत्काराची घाई केली. पाऱ्यासमोर एकदा बोलून गेलं का मंग मले मागं फिरता येऊ नये म्हणून."

पायल त्यांच्याकडं बघतच राहिली. बापाला भीती वाटते हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं. ती हळूच त्यांच्या खुर्चीशी खाली बसली.

"बाबा, हे तुम्ही आधी म्हटलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी गेली असती."

"हव," नत्थूभाऊ म्हणाले. मग त्यांनी विनोदिनीबाईंना विचारलं, विद्यापीठाला आत्ता फोन लावला तर लागेल का. बाईंनी सकाळचा मेल त्यांच्यापुढं ठेवला, आणि ती जागा आज दुसऱ्या कुणाला गेली, हे त्यांना सांगावं लागलं.